फौजदारीणबाईंची साक्ष

बाईंचा पोलिसांशी किंवा कोर्टाशी उभ्या आयुष्यात कधी संबंध आला नव्हता, तरी सगळी गल्ली त्यांना फौजदारीणबाई म्हणायची. कारण एकच, आवाज. त्यांचं शिलाईचं दुकान गल्लीच्या तोंडाशी होतं. मापाला या म्हटल्यावर न येणारं आणि कपडा शिवून झाल्यावर ‘जरा ढगळ वाटतोय’ म्हणणारं गिऱ्हाईक त्या ज्या शब्दांत फैलावर घ्यायच्या, ते शब्द दुसऱ्या टोकाच्या सायकलवाल्याला हातातलं काम ठेवून ऐकावेसे वाटायचे. शिवायच्या मुख्यतः शाळेचे गणवेश. मुलं भराभर वाढतात आणि बापांचे पगार वाढत नाहीत, म्हणून प्रत्येक चड्डीला आणि झग्याला आतून जास्तीची दुमड ठेवायच्या. त्याचे पैसे घेत नसत, पण ती दुमड ठेवली आहे हे गिऱ्हाइकाला दहादा ऐकवल्याशिवाय सोडतही नसत.

घरात माणसं दोन, बाई आणि त्यांचा भाचा. धाकटी बहीण गेली तेव्हा पोर जेमतेम चालायला लागलं होतं. बाप ‘आठवडाभर सांभाळा’ म्हणून ठेवून गेला तो गेलाच. त्यानंतर बाईंनी स्वतःच्या लग्नाचा विषय कुणाला काढू दिला नाही. पोर मशीनच्या पायडलपाशी, चिंध्यांच्या ढिगात वाढलं. गुणी होतं, पण एक खोड होती, पोटात काही राहायचं नाही. वर्गात कुणी कॉपी केली की हा उभा. स्वतःच्या हातून काच फुटली तर मास्तरांनी विचारायच्या आधी सांगून मोकळा. मुलांचा मार खाऊन यायचा.

“अरे, कळलं म्हणून सगळंच बोलायचं असतं का?” बाई ओरडायच्या.

“मग काय करायचं त्याचं?” तो विचारायचा.

त्यावर बाई आणखी मोठ्याने ओरडायच्या.

मोठा झाल्यावर त्याला नोकरी लागली ती बांधकामाचा माल तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत. बांधकाम चालू असताना तिथल्या काँक्रीटचे ठोकळे पाडायचे, पाण्यात ठेवायचे आणि मग यंत्राखाली दाबून फोडायचे. किती दाबाला फुटला, त्यावर इमारतीची ताकद ठरते. सरकारी रुग्णालयाची नवी इमारत उठत होती, तिचे ठोकळे याच प्रयोगशाळेत यायचे. म्हणजे यायला हवे होते. खरं तर ते प्रयोगशाळेच्याच मागच्या अंगणात, चांगलं भरपूर सिमेंट घालून, वेगळे पाडले जात होते. रुग्णालयाचं काँक्रीट तपासायला कधी आलंच नव्हतं. पास होत होते ते अंगणातले ठोकळे.

एके दिवशी गावातल्या साप्ताहिकात त्या अंगणाचे फोटो छापून आले. साचे, सिमेंटची पोती, ठोकळ्यांवर रुग्णालयाचं नाव रंगवणारा माणूस, सगळं स्पष्ट. फोटो कुणी दिले ते छापलं नव्हतं. बाईंनी अंक पाहिला आणि मशीन बंद केलं. त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पोर त्यांनी वाढवलं होतं.

इमारतीचं काम थांबलं, पण चौकशी सुरू झाली ती भलत्याची. प्रयोगशाळेच्या मालक कंपनीने तक्रार केली की आमच्या कामाची गुप्त माहिती चोरीला गेली. संशयावरून भाच्याला उचललं. छापलं म्हणून आणि कुणाकडून मिळालं ते सांगत नाही म्हणून संपादकालाही आरोपी केलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. दोघांना जामीन मिळाला, पण भाच्याला अट अशी की तारखेशिवाय गावात पाऊल ठेवायचं नाही. तो दूर एका मित्राकडे राहायला गेला. जाताना बाईंना एवढंच म्हणाला, “वकीलबाईंनी सांगितलंय, केसबद्दल कुणाशीच बोलायचं नाही. तुझ्याशीसुद्धा नाही.” आयुष्यात पहिल्यांदा पोर काहीतरी पोटात ठेवत होतं, आणि त्याचा त्याला किती त्रास होतोय हे बाईंना दिसत होतं.

आता इथे संपादकाबद्दल सांगायला हवं, आणि प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण माणूस पहिल्यापासून वाईट होता असं म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. तो तसा नव्हता. पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभा राहून तो म्हणाला होता, “तुरुंगात जाईन, पण नाव सांगणार नाही.” गावाने ते वाक्य उचलून धरलं. दुसऱ्याच दिवशी तो बाईंच्या दुकानात आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, “मावशी, रडत बसून काही व्हायचं नाही. आपण रस्त्यावर उभं राहू.” जी गल्ली बाईंना आवाजावरून हसायची, तिथे तो म्हणाला की हा आवाजच आपलं भांडवल आहे. माइक कसा धरायचा, घोषणा देताना श्वास कुठे घ्यायचा, सारं त्याने शिकवलं. बाई त्याला मनातल्या मनात धाकटा भाऊ मानायला लागल्या.

अशी त्यांची मंडळी जमली. निवृत्त पोस्टमनकाका, रुग्णालयातली एक आया, कॉलेजात शिकवणारं एक जोडपं, आणि ज्यांचं कशातच काही नाही पण उभं राहायला हरकत नाही असे दोघं-तिघं. दर बुधवारी दुपारी कोर्टाच्या फाटकासमोर फुटपाथवर उभं राहायचं. कधी दहा जण, कधी तीन. पाऊस असला तर बाई आणि पोस्टमनकाका, आणि दोघांत एक छत्री. लोक बघून जायचे, एखादा अंगठा दाखवायचा, एखादा ‘कामधंदा नाही का’ म्हणायचा. त्याला बाई असं काही ऐकवायच्या की तो पुढच्या बुधवारी रस्ता बदलायचा.

पहिल्याच आठवड्यात पोलिसांनी बॅनरच्या काठ्या काढून घेतल्या. काठी म्हणजे हत्यार, फाटकासमोर चालणार नाही. बाईंनी त्यावर उपाय काढला. बॅनरच्या दोन्ही टोकांना त्यांनी चक्क शर्टाच्या बाह्या शिवल्या. दोघांनी आपापला एक हात बाहीत घालायचा की बॅनर ताणून उभा, काठी नको नि दोरी नको. पोलिसाने उलटसुलट करून पाहिला आणि ‘अंगात घातलेला कपडा’ जप्त करायचा कसा, या विचारात पडून सोडून दिला. मंडळी पोट धरधरून हसली. त्या बॅनरवर गणवेशाच्या निळ्या कापडाची अक्षरं होती, “खरं छापणं हा गुन्हा नाही. दोघांना सोडा.”

खटला पुढे सरकत नव्हता. फोटो भाच्यानेच काढले हे सरकारला दाखवता येत नव्हतं. अंगणात जाणारी माणसं बरीच होती, फोन सगळ्यांच्याच खिशात होते. वकीलबाईंचं सगळं गणित तेवढ्यावर उभं होतं, की सिद्ध करा. संपादक मात्र ‘सांगत नाही’ या एका गोष्टीत पुरता अडकला होता. न्यायाधीशांनी त्याला बजावलं होतं की नाव दडवत राहिलात तर आत जाल. पायरीवर वाक्य बोलणं वेगळं आणि खरोखर आत जाऊन बसणं वेगळं. हे बाईंना तेव्हा कळलं नाही. मलाही कळलं नसतं.

एका दुपारी संपादक दुकानात आला तो घडीचा मोठा पांढरा कपडा काखेत मारून.

“मावशी, लोक थंड पडलेत,” तो म्हणाला. “नुसतं ‘दोघांना सोडा’ म्हणून कुणाचं रक्त तापत नाही. कोण दोघं? लोकांना चेहरा लागतो. आपल्या पोराचा फोटो मधोमध घेऊ आणि लिहू, ‘रुग्णालय वाचवलं ते याने.’ बघा कशी माणसं धावून येतात.”

बाईंच्या हातातली कात्री थांबली. “पण वकीलबाई म्हणतात केसबद्दल बोलायचं नाही.”

“त्यांच्याशी बोलणं झालंय माझं.”

“त्या हो म्हणाल्या?”

“मावशी, मी सांगतोय ना! फोनवर मात्र कुणाशी बोलू नका, फोन ऐकले जातात.”

मग त्याने स्वतः खडूने कपड्यावर अक्षरं आखली. बाईंनी ती कापली, शिवली. खोटं कशाला सांगा, शिवताना त्यांचा ऊर भरून आला होता. आपलं पोर चोर नाही, त्याने माणसं वाचवलीत, हे कधीतरी एकदा मोठ्या अक्षरांत सगळ्या गावाला वाचून दाखवावं, असं त्यांना पहिल्या दिवसापासून वाटत होतं. माणसाला जे हवं असतं तेच कुणी पुढ्यात आणून ठेवलं की तो फार प्रश्न विचारत नाही.

बुधवारी खरंच गर्दी झाली. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर आले. बाईंनी एका बाहीत हात घातला, दुसऱ्या बाहीत पोस्टमनकाकांनी, मध्ये भाच्याचा हसरा चेहरा. त्या दिवशी तारीख होती. वकीलबाई रिक्षातून उतरल्या, बॅनर वाचला आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

“हे कुणी केलं?”

“मी!” बाई छाती फुगवून म्हणाल्या.

“उतरवा. आत्ताच्या आत्ता.” वकीलबाईंचा आवाज इतका बारीक झाला होता की बाईंना पुन्हा विचारावं लागलं. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं आणि तिथेच फुटपाथवर सगळं समजावून सांगितलं. आपण म्हणतोय की याने केलं हे सिद्ध करा, आणि तुम्ही, त्याच्या घरच्या माणसाने, कोर्टाच्या दारात लिहून लावलंत की यानेच केलं. त्यांचं संपादकाशी या विषयावर अवाक्षरही बोलणं झालं नव्हतं. बाईंनी वळून पाहिलं. संपादक फोटोग्राफरांना चहा पाजत होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं. पण हा हात बाईंचा होता, आणि तो धरून दाखवणारा दुसराच होता. पुढच्याच तारखेला संपादकाच्या वकिलाने कोर्टाला सांगितलं, “माझ्या अशिलाने कुणाचंही नाव घेतलेलं नाही. आता तर आरोपीच्या कुटुंबानेच ते जाहीर केलंय. मग दडवण्यासारखं उरलंय काय?” सरकारी पक्षाला हेच हवं होतं. त्यांनी हरकत घेतली नाही. संपादक मोकळा झाला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, निम्मी लढाई जिंकली म्हणाली. बाई टाळ्या वाजवायला विसरल्या.

त्या तडक त्याच्या कार्यालयात गेल्या. तो टेबलामागे बसला होता, मागे नव्या अंकांचे गठ्ठे.

“तुम्ही मला फसवलंत.”

“बसा, मावशी.”

“बसायला नाही आले. वकीलबाईंशी बोललो म्हणालात. माझ्याच हाताने माझ्या पोराचा गळा कापून घेतलात!”

“हळू बोला.” तो उठून दार लावून आला. “मी आत गेलो असतो तर साप्ताहिक बंद पडलं असतं. मग पोरासाठी लिहिणार कोण? एकाला तरी बाहेर राहायला हवं होतं. आणि खरं सांगू का, मी नाव घेतलंच नाही. शिवलं तुम्ही.”

ज्यांच्या आवाजाने गल्ली थरथरायची त्या बाईंनी त्याने लावलेलं दार उघडलं. अनोळखी माणसाने लुबाडलं असतं तर त्यांनी त्याची गचांडी धरली असती. पण या माणसाने त्यांना श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं होतं. त्या तशाच बाहेर पडल्या आणि वाटेत सायकलवाल्याच्या बाकावर बराच वेळ बसून राहिल्या. त्याने पाणी दिलं, ते प्यायल्या.

काही दिवसांनी समन्स आलं. सरकारने बाईंनाच साक्षीला बोलावलं होतं, भाच्याच्या विरुद्ध. बाईंनी वकीलबाईंना सगळी हकीकत सांगितली, खडूने आखलेल्या अक्षरांसकट.

“मी तिथे त्याचं नाव घेते,” बाई म्हणाल्या. “भर कोर्टात. त्याने लिहायला लावलं म्हणून सांगते.”

“काय बोलायचं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “सांगणं माझ्या कामात बसत नाही. फक्त एक समजून घ्या. सरकारला हवंय असं कुणीतरी, ज्याला फोटो कुठून आले ते ठाऊक आहे. ते ज्याच्या हातात पडले, त्याला ठाऊक असणारच.”

बाई घरी येईपर्यंत त्यांच्या डोक्यात उजेड पडला. संपादकाने लिहायला लावलं असं सांगितलं, तर अर्थ एकच निघतो, की ज्याला फोटो मिळाले त्यानेच याचं नाव सांगितलं. म्हणजे पुरावा पुरा झाला. दगाबाजाचं पितळ उघडं पाडायचं तर भाचा आत जातो. भाच्याला वाचवायचं तर दगाबाजाला पाठीशी घालावं लागतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलाने बॅनर मागवला. बाह्यांमुळे तो टेबलावर नीट पसरेना. शेवटी दोन शिपायांनी त्यात हात घातले आणि न्यायाधीशांपुढे उभे राहिले. कोर्टात खसखस पिकली. आरोपीच्या जागेवर भाचा मान खाली घालून बसला होता. पहिल्या बाकावर संपादक होता, चेहरा पांढराफटक.

“हे तुम्ही शिवलंत?”

“हो.”

“फोटो यानेच दिले हे तुम्हाला कुणी सांगितलं? आरोपीने?”

“नाही.”

“मग संपादकांनी?”

बाईंनी पहिल्या बाकाकडे पाहिलं नाही. “कुणीच नाही.”

“कुणी न सांगता तुम्ही एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंत?”

“साहेब, हे पोर मी वाढवलंय. गावात काही चांगलं झालं की मला वाटतं ते यानेच केलं असणार. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं, तेव्हाही मी हेच म्हणत होते.”

लोक हसले. न्यायाधीशही हसू दाबत होते. सरकारी वकील चिडला.

“त्या आठवड्यात संपादक तुमच्या दुकानात आले होते. शेजाऱ्यांनी पाहिलंय. कशासाठी आले होते?”

“कोटाचं अस्तर उसवलं होतं त्यांचं.”

“आणि ही अक्षरं? ती कुणी काढली?”

“मीच. माझीच अक्कल सगळी.”

शपथेवर खोटं बोलायला जीभ वळणार नाही असं बाईंना वाटलं होतं. ती सहज वळली. मग त्यांची नजर चुकून पहिल्या बाकावर गेली आणि संपादकाने सोडलेला सुटकेचा श्वास त्यांना दिसला. तेव्हा मात्र त्यांना कठड्याला धरावं लागलं.

निकालात न्यायाधीशांनी म्हटलं की मायेपोटी करून घेतलेली समजूत म्हणजे पुरावा नव्हे. भाचा संशयाचा फायदा मिळून सुटला. फाटकाबाहेर संपादकाने त्याला घट्ट मिठी मारली, फोटो निघाले. बाई मागे उभ्या होत्या. भाच्याने त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तो थकलेला होता.

“मावशी, लावायच्या आधी कुणाला विचारायचं तरी होतंस,” तो म्हणाला. “मी तर जेलची पिशवी भरून ठेवली होती.”

पुढच्या अंकात संपादकाचा लेख आला. चळवळीत भाबड्या माणसांची माया कशी घातक ठरू शकते, यावर होता. नाव नव्हतं, पण ‘एक शिवणकाम करणारी वृद्ध महिला’ म्हणजे कोण हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आपल्याला ‘वृद्ध’ हा शब्द जास्त लागला असं बाई पोस्टमनकाकांना म्हणाल्या, आणि मग दुकानाचं शटर अर्धं ओढून घेऊन रडल्या.

सरकारने वरच्या कोर्टात अपील केलं आहे. ते लागेपर्यंत वर्ष जाईल की पाच, कुणास ठाऊक. तोवर बाईंना तोंड उघडता येत नाही, आणि भाच्यापुढे तर मुळीच नाही. त्याला एकदा कळलं की तो तासाभरात चौकात उभा राहून सगळ्या गावाला सांगेल. त्याच्या पोटात काही राहत नाही. त्या गुणापायी तर रुग्णालयाची ती इमारत कुणाच्या डोक्यावर पडायची वाचली, आणि त्याच गुणापायी बाई त्याला खरं सांगू शकत नाहीत. दुसऱ्या एका गावातल्या परिचारिकेवर आता असाच खटला भरलाय, तिच्यासाठी मंडळी बुधवारी उभी राहतात. बाईही जातात. पण घोषणा त्या देत नाहीत. दुसऱ्याने दिली की मागून म्हणतात.

परवा भाचा दुकानात आला. त्याच्या हातात कपड्यांची पिशवी होती.

“मावशी, मला साप्ताहिकात काम मिळालंय. कार्यालयाच्या वरच खोली आहे, तिथेच राहीन म्हणतो. बाकी कुठे मला कोण घेणार? सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा ते एकटे उभे राहिले.”

बाई एका चड्डीची दुमड शिवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “जेवणाचं काय करशील?”

“करीन काहीतरी.” तो दारात घुटमळला. “एकदाच विचारतो. तसं लिहायला तुला कुणी सांगितलं होतं का? खरं सांग.”

रस्त्याच्या पलीकडे संपादक स्कूटर सुरू ठेवून थांबला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं.

“नाही रे. कोण सांगणार? माझीच अक्कल.”

त्याने मान हलवली, पिशवी खांद्याला लावली. “ते म्हणतात, मनात ठेवू नकोस, म्हाताऱ्या माणसाला माफ करून टाक. मी केलंय माफ तुला, मावशी.”

“बरं केलंस,” बाई म्हणाल्या.